शनिवार सांभाळला तर रविवारी पळता येतं

परगावची हाफ मॅरेथॉन आणि सोबत मित्रमैत्रिणींची सहल, हा बेत मी आता बऱ्याच वेळा पार पाडला आहे. अंतर तेच, 21.0975 किलोमीटर. तरीही अशी शर्यत घराजवळच्या शर्यतीपेक्षा जड जाते, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा शनिवारात असतं. दिवसभर भटकंती, अवेळी जेवण, रात्री उशिरापर्यंत गप्पा, एका खोलीत चौघं आणि एकच संडास. बारा आठवड्यांची मेहनत एका दिवसात मातीत जाते. म्हणून सरावाबद्दल थोडक्यात लिहिते आणि शनिवार-रविवारबद्दल सविस्तर.

सलग 5 किलोमीटर आरामात पळता येत असेल तर 10 ते 12 आठवडे पुरतात. आठवड्यात तीन-चार वेळा पळायचं, त्यात एकदा लांब. लांब पळण्याचं अंतर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवत 16 ते 18 पर्यंत न्यायचं आणि दर तीन-चार आठवड्यांनी एकदा मुद्दाम कमी करायचं. सरावात पूर्ण 21 पळायची गरज नाही. शेवटचं लांब पळणं शर्यतीच्या दोन आठवडे आधी, मग एक आठवडा आधी 10-12 किलोमीटर, आणि शेवटच्या आठवड्यात एकूण अंतर निम्म्यावर. वेग मात्र नेहमीचाच ठेवायचा, नाहीतर पाय सुस्तावतात.

गटातल्या सगळ्यांची तयारी सारखी नसते, आणि ते महिनाभर आधीच उघड बोलावं. जो 12 किलोमीटरच्या पुढे गेलेलाच नाही त्याने 10 किलोमीटरच्या शर्यतीत नाव बदलून घ्यावं. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी मुदत असते, ती नोंदणी करतानाच बघून ठेवा. कुणी ऐनवेळी गळाला तर त्याच्या बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदावर, दुसऱ्याने पळायचं नाही. वाटेत काही झालं तर वैद्यकीय पथक बिबच्या नंबरावरूनच नाव, रक्तगट आणि घरचा फोन शोधतं, आणि मग ते चुकीच्या घरी फोन करतात.

खोली निवडताना माझा एकच निकष असतो: सुरुवातीच्या रेषेपर्यंत पहाटे चालत जाता आलं पाहिजे. रस्ते बंद असतात, गाडी मिळत नाही, मिळाली तरी अलीकडेच सोडते. पंधरा-वीस मिनिटांचं चालणं म्हणजे आयता वॉर्म-अप. खोली रिकामी करायची वेळही आधीच विचारून घ्या. शर्यत संपवून, रांगेत उभं राहून, लंगडत परत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते, आणि घामाने खारवलेल्या अंगाने परतीच्या प्रवासाला बसणं फार वाईट.

सामानातली एक गोष्ट अजिबात सैल सोडायची नाही. पळायचे बूट, मोजे, चड्डी, टी-शर्ट आणि घड्याळाचा चार्जर, हे हातातल्या पिशवीत. मोठी बॅग हरवली तर बाकी सगळं उसनं मिळतं, सरावलेले बूट मिळत नाहीत. बुटांत 50-80 किलोमीटर झालेले असावेत आणि त्यात किमान एक लांब पळणं. पायाची नखं दोन-तीन दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली आणि एखादं जिव्हारी लागलं तर 21 किलोमीटर तेच आठवत राहतं.

आता शनिवार. बिब सकाळीच घेऊन या. ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल लागतो. एकाने सगळ्यांचे बिब आणायचे असतील तर आधी नियम वाचा, कारण काही ठिकाणी ज्याचं त्यानेच यावं लागतं. तिथे स्टॉलवर स्वस्तात मिळणारे बूट, मोजे, जेल (पळताना खायची घट्ट साखरेची पुडी) बघून हात शिवशिवतात. घ्या खुशाल, पण पुढच्या शर्यतीसाठी. उद्या नवं काहीच वापरायचं नाही.

खरा घोटाळा दुपारी होतो. "आलोच आहोत तर बघून येऊ" म्हणत सगळे निघतात आणि संध्याकाळी घड्याळ वीस हजार पावलं दाखवतं. वीस हजार पावलं म्हणजे 14-15 किलोमीटर, तेही कडक फरशीवर, थांबत-थांबत. थांबत उभं राहणं तर चालण्यापेक्षाही पोटऱ्यांना जास्त ओढतं. आम्ही आता बघायची ठिकाणं दोन भागांत वाटतो. बसून किंवा गाडीतून होणारी शनिवारी, चालायची रविवारी दुपारी. शर्यतीनंतर सावकाश चालणं पायांना बरंच असतं, त्यामुळे या अदलाबदलीत कुणाचंच नुकसान नाही. शनिवारी पळायचंच असेल तर 15-20 मिनिटं अगदी हळू, शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार मोकळ्या धावा, बस.

शनिवारचं मोठं जेवण दुपारी करा. रात्रीचं लवकर, साधं, कमी तेलाचं, कमी तिखट, आणि त्यात कडधान्यं आणि कच्च्या भाज्या कमी. चोथा जास्त झाला की तो पहाटे नको त्या वेळी आठवण करून देतो. परगावी नवीन चवी खायची इच्छा सगळ्यांना असते. ती रविवार रात्रीपर्यंत राखून ठेवायची. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. लघवी फिकट पिवळी असली की झालं. झोपताना लिटरभर ढोसून काही साठत नाही, फक्त रात्री तीनदा उठावं लागतं.

रात्री सामान मांडून ठेवताना बिबकडे नीट बघा. त्याच्या मागे टायमिंगचा टॅग असतो, पातळ पट्टीत जाळीसारखी धातूची रेघ. काही बिबवर त्याखाली फोमची छोटी पट्टी चिकटवलेली असते. ती पॅकिंग समजून लोक उपटून टाकतात. टॅगची अँटेना ओल्या शरीरापासून जराशी दूर राहावी म्हणून ती असते, कारण पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं. बिब दुमडू नका, छातीवर समोरच लावा, वरून जॅकेट किंवा पाण्याचा पट्टा येऊ देऊ नका. टी-शर्ट अंगात घालून मगच चार कोपऱ्यांत चार पिना लावायच्या. पलंगावर पसरून लावला तर अंगात घातल्यावर कापड ताणलं जातं आणि बिब मधोमध फुगतो. मागच्या बाजूला आपत्कालीन फोन नंबर लिहायची जागा असते. तिथे सोबत पळणाऱ्या मित्राचा नंबर लिहिण्यात अर्थ नाही, त्याचा फोन तर सामान-कक्षात असणार.

झोप लागेल याची खात्री नाही, आणि त्याची काळजीही करू नका. शुक्रवारची रात्र नीट झोपून काढली असेल तर शनिवारच्या तुटक झोपेने फारसं बिघडत नाही. म्हणून शक्य तर शुक्रवारी रात्रीचा प्रवास टाळा.

पहाटेचं वेळापत्रक उलटं लावायचं. शर्यत सहाला सुरू होणार असेल तर 5:40 ला आपल्या रांगेत, 5:30 च्या आत सामान जमा, 5:00 ला मैदानावर, 4:40 ला खोलीबाहेर. मैदानावरच्या फिरत्या संडासांची रांग अर्धा तास सहज खाते, म्हणून खोलीतलं काम खोलीतच आटोपायचं. चौघांत एक संडास असेल तर प्रत्येकी बारा मिनिटं धरा आणि क्रम रात्रीच ठरवा. ज्याला वेळ लागतो तो पहिला. खाणं सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी: केळं, ब्रेड-जॅम, असं सरावात पचलेलं काहीतरी. कॉफीची सवय असेल तर घ्या, नसेल तर आज सुरू करू नका. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पट्टा काचेल तिथे व्हॅसलीन; पुरुषांनी स्तनाग्रांवर कागदी टेप. दहाव्या किलोमीटरपर्यंत याचं महत्त्व कळत नाही, अठराव्याला रक्ताचे दोन डाग पडले की कळतं. वेदनाशामक गोळी "खबरदारी म्हणून" घेऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पळताना मूत्रपिंड आणि पोट दोन्हींवर ताण आणतात. आणि ताप असेल तर पळायचंच नाही.

सोबत पळायचं की वेगवेगळं, हे सुरुवातीच्या रेषेवर ठरवायचं नसतं. प्रति किलोमीटर वीस सेकंदांचा फरक बोलताना क्षुल्लक वाटतो, पण शेवटी तो सात मिनिटांचा होतो. वेगवान माणूस हळू पळून फार तर कंटाळतो, हळू माणूस वेगवानासोबत पळून पंधराव्या किलोमीटरला संपतो. आमचा नियम असा: पहिले 5 किलोमीटर सगळे सर्वात हळू माणसाच्या वेगाने, बोलत. त्यानंतर ज्याला जायचं त्याने जावं, रुसवेफुगवे नाहीत. या नियमाने सगळ्यांची सुरुवातही आपसूक हळू होते, आणि हाफमध्ये सर्वाधिक लोक तिथेच चुकतात. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये उत्साहाने ठरल्यापेक्षा वीस-तीस सेकंद वेगाने गेलं की साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, लवकर जळतं, आणि मिळवलेलं मिनिटभर शेवटी चार-पाच मिनिटं घेऊन जातं. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

आकडे पाठ असावेत. दोन तासांसाठी 5:41 (मिनिटं:सेकंद) प्रति किलोमीटर, 6:30 ने पळलात तर 2 तास 17 मिनिटं, 7:00 ने 2:27:41, आणि तीन तासांच्या कट-ऑफसाठी, म्हणजे शर्यत संपवायच्या शेवटच्या मुदतीसाठी, 8:31. पण घड्याळाच्या आकड्यावर थेट विसंबू नका. मार्ग मोजताना वळणांची सर्वात आखूड रेषा धरतात, आपण मात्र गर्दीतून नागमोडी पळतो, शिवाय जीपीएस उंच इमारतींमध्ये भरकटतो. शेवटी घड्याळात 21.3 ते 21.4 दिसतं. म्हणून अडीच तासांचं लक्ष्य असेल तर कागदावर 7:06 येतं, पण घड्याळात 7:00 दिसायला हवं. रस्त्यावरचा किलोमीटरचा फलक आला की वेळ बघावी, तोच खरा. कट-ऑफ अनेक ठिकाणी शर्यत सुरू करणाऱ्या बंदुकीच्या वेळेपासून मोजतात, चिपच्या (आपण स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्याच्या) नव्हे, हेही मागे उभं राहणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

पळत-चालत जायला लाजू नका. अमेरिकन ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. युक्ती एवढीच की चालायचं ते थकायच्या आधी, पहिल्या किलोमीटरपासून. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. थकल्यावर चालायला लागलात तर ती पद्धत नव्हे, ती शरणागती.

पाण्याच्या टेबलांवर पहिल्या टेबलाशी चेंगराचेंगरी असते, शेवटच्याला कुणी नसतं. तिथूनच घ्या. कागदी पेल्याचा काठ चिमटीत दाबून चोच करायची आणि घोटघोट प्यायचं, नाहीतर अर्धं नाकात जातं. तहानेनुसार प्या. प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिणारे हळू धावक रक्तातलं सोडियम पातळ करून घेतात, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं असू शकतं. जेल पहिलं 40-45 मिनिटांनी, पुढचं तितक्याच अंतराने, साध्या पाण्यासोबत. गोड पेयासोबत घेतलं की पोटात साखरेचा पाक होतो आणि मळमळतं.

बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, तिथे बोटांनी दाबा आणि श्वास लांब सोडा. पायात गोळा आला तर थांबून तो स्नायू हळूहळू ताणा, झटका देऊ नका. गोळा मुख्यतः थकलेल्या स्नायूचा असतो, नुसत्या मिठाने तो जात नाही. उतारावर लांब ढांगा टाकू नका. प्रत्येक पाऊल ब्रेकसारखं लागतं आणि मांड्यांचे पुढचे स्नायू फाटल्यासारखे होतात. पावलं छोटी आणि जलद. छातीत दुखलं, घेरी आली, उकाड्यात अंगावर शहारे आले किंवा सोबतचा असंबद्ध बोलायला लागला, तर शर्यत तिथेच संपली. जवळच्या स्वयंसेवकाला गाठा.

अंतिम रेषा ओलांडली की थांबू नका, दहा मिनिटं चाला. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. भेटायची जागा आधीच ठरवलेली असावी आणि ती अंतिम रेषा नसावी. तिथे गर्दी असते, फोन लागत नाही. सामान-कक्षाच्या डाव्या टोकाला, असं काहीतरी नेमकं. कोरडा टी-शर्ट लगेच घाला, घाम वाळताना अंग झपाट्याने गार पडतं. तासाभरात काहीतरी पिष्टमय आणि सोबत प्रथिनं पोटात जाऊ द्या.

परतीला गाडी न पळालेल्याने चालवावी. पोटरीत गोळा आलेला पाय ब्रेकवर नको. बाकीच्यांनी दर तासा-सव्वा तासाने उतरून पाच मिनिटं चालावं, नाहीतर घरी पोचल्यावर गाडीतून उचलून काढावं लागतं. सर्वात जास्त दुखतं ते सोमवार-मंगळवारी, जिना उतरताना. कठड्याला धरून उलटं उतरलं तर सोपं जातं. बुधवार-गुरुवारी वीस मिनिटं हळू पळून बघा, जोराचं पळणं मात्र दहा दिवसांनंतर.