मॉरिशस: राज्य इंग्रजांचं, बोली गुलामांची

मॉरिशसमध्ये सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि गप्पा, भांडणं, घासाघीस सगळी क्रिओल या तिथल्या बोलीमध्ये. पोर्ट लुईच्या बसमध्ये कंडक्टरनं 'कोत उ पे आले?' म्हणजे 'कुठं निघालात?' असं विचारलं, तेव्हा शब्द फ्रेंच वाटले. पण फ्रेंच शिकताना ज्यांनी माझा जीव नको केला होता, ती क्रियापदांची रूपं गायब! इथं क्रियापद जागचं हलत नाही. 'मो पे मांझे' म्हणजे मी खातोय, 'मो ती मांझे' खाल्लं, 'मो पू मांझे' खाणार. हिला 'मोडकी फ्रेंच' म्हणणारे तिथंही भेटतात. मला ते पटत नाही. इतकं शिस्तीचं व्याकरण मोडकं कसं असेल?

1721 मध्ये फ्रेंचांनी वसाहत सुरू केली तेव्हा या बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच. मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम आणले गेले. त्यांची आपापसात एक भाषा नाही, मालकाची तर वेगळीच. त्या कोंडीत ही बोली घडली. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं खरं, पण रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती राखायचं कबूल करून. मळेही बहुतेक फ्रेंच मालकांकडेच राहिले. मग दीडशेहून अधिक वर्षं राज्य करूनही इंग्रजी कचेरीचा उंबरा फारसा ओलांडू शकली नाही.

आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानी मजूर उतरायचे ती जागा, पोर्ट लुईच्या बंदराला लागूनच आहे. गुलामगिरी संपत आली तशी उसाला माणसं हवी होती, म्हणून 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. घाटाच्या दगडी पायऱ्या चढून लाखो माणसं आत आली. पायऱ्या थोड्याच आहेत, दोन मिनिटांत चढून होतात. मी मात्र तिथं बराच वेळ रेंगाळले. चढणारे भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी बोलत होते. मळ्यावर आधीपासून क्रिओल चालत होती, तीच सगळ्यांना जोडणारी भाषा झाली.

कास्कावेलला मराठी वस्ती आहे. तिथल्या एका घरी आरती अगदी आपल्या चालीवर झाली आणि प्रसाद वाटताना सगळे एकदम क्रिओलवर आले. प्राथमिक शाळेत 2012 पासून क्रिओल हा ऐच्छिक विषय आहे, हिंदी-मराठीच्या रांगेत. घरातल्या मुलानं मराठी घेतलंय. 'क्रिओल कशाला घ्यायची, ती येतेच की,' असं त्याचं म्हणणं. आजीनं ते मला मराठीत सांगितलं, मध्ये दोनदा शब्द अडला तेव्हा क्रिओलचा आधार घेत.