पाणी उडून जातं, क्षार इथेच राहतात

जुलै लागला की नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रश्न फिरतात, गंगापूर धरण किती टक्के भरलं आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं. क्युसेक वगैरे साहेब लोकांसाठी, आपलं माप म्हणजे मारुतीचे गुडघे, कंबर, छाती. आणि गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पूर आलाय म्हटलं की गोदाघाटावर बघायला गर्दी, त्यात मीही असतोच.

पण एवढं पाणी बघून फार आहे असं वाटतं ना, ते तितकंसं खरं नाही. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात गोडं पाणी जेमतेम अडीच टक्के, त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त अंटार्क्टिका-ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेलं, साधारण ३० टक्के जमिनीखाली, आणि नद्या नि तळी मिळून त्या गोड्या पाण्याचा अर्धा टक्कासुद्धा नाही. पाऊस कमी झाला की नाशिक आणि मराठवाडा ज्या जायकवाडीच्या पाण्यावरून भांडतात ते सगळं त्या अर्ध्या टक्क्याच्या आत आलं.

आणि हे पाणी आलं कुठून तर खाऱ्या समुद्रातूनच. मान्सूनचे वारे विषुववृत्ताच्या खालून निघतात, हिंदी महासागर, मग अरबी समुद्र, वाटेत वाफ गोळा करत येतात आणि सह्याद्रीला धडकून वर चढतात, वर हवा थंड, मग इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जेमतेम ४०-५० किलोमीटरवर आपल्या शहरात साधारण ७००. सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. म्हणजे घाटानेच सगळं पिळून घेतलं आणि आपल्याला उरलंसुरलं. एकदा हवेत गेलेली वाफ सरासरी ८-१० दिवसांत परत खाली येते, समुद्रातलं पाणी मात्र हजारो वर्षं तिथेच फिरत राहतं.

त्र्यंबकला तर आणखी भारी आहे. तिथल्या डोंगरांवर पडलेला पाऊस कुठल्या उतारावर पडला त्यावर त्याचं नशीब ठरतं. वैतरणेच्या बाजूला गेला तर पश्चिमेला, वाटेतल्या धरणांतून बराचसा मुंबईच्या नळाला आणि उरलेला अरबी समुद्रात. ब्रह्मगिरीवरून गोदावरीत आला तर पार आंध्रातून बंगालच्या उपसागरात, १४६५ किलोमीटर. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही आणि गंगामाई निघाली उलट्या दिशेला!

आता मुद्दा मिठाचा. वाफ होताना फक्त पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाऊस मात्र गोड. (लाटांच्या तुषारातून मिठाचे बारीक कण हवेत जातातच, उलट ढगाचे थेंब धरायला त्यांची मदतच होते, पण ते इतके थोडे की चव लागत नाही.) हाच पाऊस आपल्या काळ्या बसाल्टवरून वाहताना थोडे क्षार विरघळवतो, नदी ते समुद्रात नेऊन टाकते, पाणी परत उडतं, क्षार तिथेच. करोडो वर्षं हेच चालू. नदीच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात, समुद्रात शंख-शिंपले त्यातलं कॅल्शियम कवचासाठी वापरून टाकतात, सोडियम आणि क्लोराईड मात्र फारसं कोणी काढून घेत नाही, म्हणून ते साठत गेले. लोणारलाही तेच, पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही, फक्त उडून जातं, म्हणून ते सरोवर इतकं खारं.

पण यासाठी लोणारला जायची गरजच नाही, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत बघा. बोअरचं पाणी ड्रिपने दिलं, वेलीने पाणी प्यायलं, काही उन्हाने उडालं, आणि ओलाव्याच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला. सोडियम-क्लोराईड वाढलं की पानांच्या कडा करपतात, म्हणून तर आपल्याकडे द्राक्षाची कलमं डॉगरिजच्या खुंटावर करतात, तो क्षार जास्त सहन करतो. चांगला पाऊस झाला की थर धुऊन मुळांच्या खाली जातो, कमी झाला की पुढच्या हंगामाला डोकेदुखी.

आमच्या सोसायटीतही सध्या हेच. बोअरचं पाणी जड, गीझरची कॉइल पांढरी होऊन जळते, नळांवर डाग, आणि मीटिंगमध्ये सॉफ्टनर बसवायचा ठराव आलाय. एक काका म्हणाले की सॉफ्टनरने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, कमी होतो. नाही होत हो काका! सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, एकूण क्षार जवळपास तेवढेच. वर तो रिचार्ज करायला मिठाची पोती आणायची आणि ते खारं पाणी ड्रेनेजमध्ये सोडायचं, म्हणजे शेवटी गोदावरीतच. आरओचंही तसंच, क्षार नाहीसे होत नाहीत, वाया जाणाऱ्या पाण्यातून पुढे ढकलले जातात.

माझं मत गच्चीचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडण्याला आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तेव्हा ३०० चौरस मीटरची गच्ची आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर दोन लाख दहा हजार लिटर, थोडं वाया गेलं तरी दीड लाख तरी कुठे गेलं नाही, आणि त्यात क्षार जवळपास शून्य. बोअरचं पाणी लगेच गोड होईल असं नाही, खालचा खडक कसाय त्यावर आहे, पण गीझर तरी जरा जास्त टिकेल. ठराव पुढच्या रविवारी आहे, काका अजून सॉफ्टनरवरच अडलेत.