प्युरिफायरमध्ये काजू

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये जहाज कधी येत नाही, बाटली येते. कुठल्याशा बंदरात जहाजाने तेल भरलं की मॅनिफोल्डवर, म्हणजे तेलाची नळी जहाजाला जोडतात तिथे, थेंब थेंब गोळा केलेला नमुना सीलबंद होऊन कुरिअरने आमच्याकडे पोचतो. घनता, चिकटपणा, गंधक, पाणी, गाळ, फ्लॅश पॉइंट काढायचे, रिपोर्ट पाठवायचा आणि पुढची बाटली उघडायची. तेल विकणाऱ्याचं तोंड आम्हाला दिसत नाही आणि ते जाळणाऱ्याचंही नाही.

जुलैतल्या त्या दिवशी मात्र जाळणाऱ्यांच्या बाजूचा माणूस थेट येऊन उभा राहिला. बेलापूरच्या एका शिप मॅनेजमेंट कंपनीचे सुपरिंटेंडंट, स्वतः कधीकाळी चीफ इंजिनिअर होते. न्हावा शेव्याला लागलेल्या जहाजावरून निघाले ते उरण फाट्यापर्यंत ट्रेलरच्या रांगेत अडकले, वर पाऊस. त्यामुळे पारा आधीच चढलेला.

"मॅडम, तुमच्या रिपोर्टप्रमाणे हे तेल पास आहे," असं म्हणत त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. "जरा उघडून बघा."

आत काळपट तपकिरी गोळा होता, प्युरिफायरच्या (इंजिनाआधी तेलातला गाळ-पाणी काढणाऱ्या यंत्राच्या) चकत्यांवरून खरवडून आणलेला. स्पॅच्युला घातला तर पक्क्या पाकासारखी तार धरून वर आला. असा गाळ नवा नाही. दोन तेलं एकमेकांशी पटली नाहीत की अस्फाल्टीन (तेलातला डांबरासारखा भाग) खाली बसतं आणि फिल्टर तुंबतात. पण अस्फाल्टीन टोल्युइन या द्रावकात विरघळतं, किंबहुना ही त्याची ओळखच. हा गोळा टोल्युइनमध्ये टाकला, हलवला, गरम केला, तरी तळाशी चिवट पापुद्रे शिल्लकच राहिले. म्हणजे काहीतरी आपसात जोडलं जाऊन नवंच तयार झालं होतं.

जहाजाची हकीकत त्यांनी चहाबरोबर सांगितली. पूर्वेकडच्या एका बंदरात जैवइंधन मिसळलेलं तेल घेतलं होतं, बी२४, म्हणजे १०० भागांत २४ भाग वापरलेल्या खाद्यतेलापासूनचं एस्टर. (२४च का, असं नवीन मुलं विचारतात. जहाजांना तेल पुरवणाऱ्या साध्या बंकर बार्जना बराच काळ २५ टक्क्यांवरचं मिश्रण न्यायची मुभा नव्हती, म्हणून सगळे एक पाऊल अलीकडे थांबायचे.) नवं तेल चालू केलं तसं ऑटो फिल्टर सारखं स्वतःला धुऊ लागलं, मग जनरेटरच्या फ्युएल पंपाचे प्लंजर अडकले. बंदरात शिरायच्या आधी चीफने डिझेलवर जाऊन कसंबसं निभावलं.

आता हे तेल मुळात घेतात कशाला, तेही सांगायला हवं. २०२० पासून जगभर जहाजाच्या तेलातलं गंधक ०.५० टक्क्यांवर आलं, तो धडा एका रात्रीत गिरवावा लागला. कार्बनचा धडा मात्र वर्षानुवर्षं चढत जाणारा आहे. युरोपच्या फ्युएल-ईयू नियमाने २०२५ पासून इंधनामागचा हरितगृह वायूंचा भार २ टक्क्यांनी कमी करायला लावला, २०३० ला ही कपात ६ आणि २०५० ला ८० टक्क्यांवर जाईल. मिथेनॉलवर चालणारी मोठी कंटेनर जहाजं समुद्रात उतरली आहेत, अमोनियाची इंजिनं येताहेत, पण आज पाण्यावर असलेल्या हजारो जहाजांची इंजिनं कोण बदलणार? त्यांच्यासाठी सोपा रस्ता एकच, आहे त्या टाकीत, आहे त्या इंजिनात जैवइंधन ओतायचं. परिषदांमध्ये चर्चा अमोनियाची चालते, आमच्या रॅकवर बाटल्या मात्र जैवइंधनाच्या वाढतात.

पहिला रिपोर्ट काढून बघितला. मागवलेल्या चाचण्या नेहमीच्याच होत्या आणि सगळे आकडे मर्यादेत. आम्लांक जरा वरच्या अंगाला, पण २.५ च्या आत. एस्टर किती आहे हे मोजायला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण डिलिव्हरी नोटवर तर लिहिलेलं होतं!

राखून ठेवलेल्या नमुन्याचा एफटीआयआर लावला, म्हणजे अवरक्त किरण टाकून आत कुठले रेणू आहेत ते बघितलं. एस्टर असलं की आलेखात १७४५ च्या आसपास कार्बोनिलचं ठसठशीत टोक येतं, ते चुकणं शक्य नाही. इथे नुसती उंचवट्याची खूण. २४ टक्के सोडाच, १ टक्कासुद्धा एस्टर नव्हतं. उलट ३३०० ते ३४०० च्या पट्ट्यात, जिथे फिनॉलचं ओएच दिसतं, तिथे रुंद फुगवटा. सुपरिंटेंडंट माझ्या खांद्यावरून बघत होते. "म्हणजे साधंच तेल बी२४ म्हणून विकलं?" मी म्हटलं, तसं असतं तर बरं झालं असतं, साध्या तेलाने प्लंजर अडकले नसते.

मग जीसी-एमएस, तेलातले घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंची वजनं दाखवणारं यंत्र. तासभर थांबावं लागतं. तेवढ्यात त्यांनी आपल्या ऑफिसात कोणाला तरी फोनवर फैलावर घेतलं आणि आमच्या कँटीनमधला वडापाव खाल्ला. आलेख पडद्यावर उतरायला लागला तेव्हा डिझेलच्या रेणूंच्या ओळखीच्या रांगेच्या पुढे चार दांडगी शिखरं उभी राहिली. चौघांच्याही वर्णपटात १०८ ची उंच काठी, आणि मूळ रेणूंची वजनं २९८, ३००, ३०२, ३०४. दोन-दोनच्या पायऱ्या. एकाच साखळीत तीन दुहेरी बंध, दोन, एक आणि शून्य. माझ्या हाताखालच्या मुलीने यंत्राच्या लायब्ररीतलं नाव वाचलं, पेंटाडेसिल फिनॉल, आणि माझ्याकडे बघितलं.

"कार्डानॉल," मी म्हटलं. "काजूच्या टरफलाचं तेल."

सुपरिंटेंडंटना वाटलं मी थट्टा करतेय. पण कोपऱ्यात बाटल्या धुणारे आमचे मदतनीस वेंगुर्ल्याकडचे. त्यांनी नळ बंद केला आणि बरणीपाशी आले. "ह्यां तां? मॅडम, हातमोजे काढू नकात, कातडी सोलवटता." मग मालवणी सोडून शुद्ध मराठीत सांगायला लागले. ओले काजू सोलताना चिकाने हात भाजतात ते तर आम्हा सगळ्यांना माहीत. पण त्यांच्या घरी टरफलाचं तेल होडीच्या लाकडाला चोळायचे. कीड लागत नाही, पाणी शिरत नाही, वाळलं की निघता निघत नाही. "म्हणूनच लावतात ना. जा होडयेक भायरसून लावूचा, तां ह्यांनी आत ओतल्यानी!"

याहून नेमकं निदान मला इंग्रजी रिपोर्टात लिहिता आलेलं नाही. दुहेरी बंध असलेलं हे फिनॉल तापलं की आपसात जुळतं. प्युरिफायरला तेल ९८ अंशांवर तापवून पाठवतात, म्हणजे होडीवर उन्हात जे सावकाश होतं ते इथे चकत्यांवर झपाट्याने झालं.

काजूवर माझा राग नाही, हेही नोंदवते. टरफल हा शेतीतला टाकाऊ माल, त्याचं तेल ब्रेकच्या लायनिंगपासून रंगापर्यंत रीतसर वापरलं जातं. त्यावर नीट प्रक्रिया केली तर उद्या त्यातून चांगलं इंधन निघेलही. टरफलाचं कच्चं तेल एस्टरच्या नावाखाली स्वस्तात मिसळायचं आणि वर कार्बन वाचवल्याचा कागद द्यायचा, ही भानगड वेगळी. सिंगापूर आणि रॉटरडॅमकडच्या तेलातही टरफलाचं तेल सापडून जहाजांचे फिल्टर तुंबल्याचं आमच्या धंद्यात याआधीच गाजलं होतं.

खरी वादावादी त्यानंतर झाली. सुपरिंटेंडंटना एका ओळीत हवं होतं, तेल जाळावं की नाही. ते लॅब सांगत नसते. काय सापडलं आणि आयएसओ ८२१७ (जहाजाच्या इंधनाचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या कलम ५ प्रमाणे यंत्राला अपाय करणारं काही तेलात असता कामा नये, एवढंच मी लिहू शकते. "अहो, पुरवठादार म्हणणार तक्त्यातले सगळे आकडे पास आहेत!" म्हणणारच. तक्त्यात काजूचा रकाना नाही. त्यांना दुसरीच चिंता होती. जहाज भाड्याने घेतलेल्या कंपनीने याच तेलावर कार्बनचा हिशेब मांडलेला, एस्टर नाही म्हटल्यावर तोही कोसळणार.

संध्याकाळी त्यांनी इथूनच जहाजावर फोन लावला. ती टाकी बंद ठेवा, दुसऱ्या तेलात एक थेंब मिसळू नका, जहाजावरच्या सीलबंद मार्पोल नमुन्याला (जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार राखलेल्या) कोणी हात लावू नका. तो नमुना निदान १२ महिने सांभाळावा लागतो. जाताना जीसी-एमएसचे जादा पैसे कोणाच्या खात्यावर टाकायचे यावर आमच्या अकाउंट्सवाल्याशी त्यांची जुंपली, ती लिफ्टचं दार लागेपर्यंत चालू होती.

पुरवठादाराचं उत्तर नंतर आलं, सगळे आकडे मर्यादेत असल्याचं, माझ्याच पहिल्या रिपोर्टाची प्रत जोडून. राखीव सीलबंद नमुना दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर तिसऱ्या लॅबमध्ये उघडायचं ठरलंय. तोवर आमच्याकडे बी२४सारखं नाव लिहिलेली बाटली आली की मी आधी एफटीआयआर लावते, ग्राहकाने मागितलेला असो वा नसो. पैशांचं अकाउंट्सवाले बघून घेतील.