खाचेतला कण

परवा सकाळी फ्रिज उघडला तर वरच्या कप्प्यातलं टोमॅटोचं सूप खालच्या कप्प्यात थेंब थेंब टपकत होतं. सुपाची झिपलॉक पिशवी मीच बंद केली होती, चांगली दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत. नवरा म्हणाला, "स्वस्तातल्या आणतेस ना, म्हणून." मी काही बोलले नाही. पिशवी धुतली, पाणी भरलं, तोंड दाबून सिंकवर उलटी धरली. गळत होती, पण फक्त एकाच जागी. तिथे डोळे बारीक करून पाहिलं तर खाचेत मिऱ्याचा एक भरड कण रुतून बसला होता.

आपण या सगळ्याच पिशव्यांना झिपलॉक म्हणतो. खरं तर ते एका मालाचं नाव, डाऊ केमिकलनं १९६८ मध्ये बाजारात आणलेलं. आणि आत झिप म्हणावी असं काही नसतंच. एका बाजूला प्लास्टिकची उभी रेघ, समोर तिच्या मापाची खाच. रेघेचं डोकं मानेपेक्षा किंचित रुंद, म्हणून एकदा आत शिरलं की अडकून बसतं. सगळा कारभार एवढ्यावर. मध्ये कण आला की तेवढ्या जागी दार उघडंच.

त्या दिवसापासून भरण्याआधी पिशवीचं तोंड बाहेरून दुमडते, सदऱ्याची बाही दुमडावी तसं, आणि पिशवी उंच बरणीत उभी करते. खाच स्वच्छ राहते, शिवाय पिशवी धरायला तिसरा हात लागत नाही.

हवेचं गणित मला फार उशिरा कळलं. फ्रीझरमधले मटार महिन्याभरात पांढुरके आणि भुशासारखे व्हायचे. मला वाटायचं, मटारच खराब. पण पिशवीत हवा राहिली की दाण्यातला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन उडतो आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. दाणे कोरडे पडतात. आता कोपऱ्यात बोटभर फट ठेवून पिशवी पाण्यानं भरलेल्या पातेल्यात हळूहळू बुडवते. पाण्याच्या दाबानं प्लास्टिक आतल्या जिनसाला चिकटत जातं, हवा फटीतून निघून जाते. फट पाण्याच्या वर असतानाच दाबायची. पहिल्यांदा मी जरा जास्तच बुडवली आणि मटारांना आंघोळ घातली.

सूप मात्र काठोकाठ भरायचं नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. उकळतं तर ओतायचंच नाही, आधी गार होऊ द्यायचं. पिशवी ताटात आडवी गोठवली की पाटीसारखी होते, मग पुस्तकांसारखी उभी लावता येते आणि वितळतेही लवकर. नाव-तारीख रिकाम्या, कोरड्या पिशवीवरच लिहावी. ओल्या प्लास्टिकवर पेन उठत नाही. माझ्या फ्रीझरमध्ये अजून दोन निनावी ठोकळे आहेत, बहुधा डाळ.

चिरलेला कांदा या पिशवीत ठेवू नका. पिशवीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिइथिलीन, पाणी अडवतं, वास नाही. शेजारच्या लोण्याला दुसऱ्या दिवशी कांद्याचा वास. कांद्याला काचेची बरणीच बरी.

धुऊन परत वापरते, हो. कच्चं मांस ठेवलेली मात्र सरळ टाकते, आणि तेलकट झालेलीही. तिच्या कोपऱ्यातला ओशटपणा काही केल्या जात नाही.

ती सूपवाली पिशवी आत्ता ओट्यावर बाटलीवर उलटी घालून वाळत ठेवलीय. नवऱ्याला सांगितलं, पिशवी शाबूत आहे, मिऱ्याचा कण अडकला होता. त्यानं विचारलं, "सुपात एवढी भरड मिरी घातली कोणी?"

सूप त्यानंच केलं होतं.