गल्फला जाताना गाडीचा एनसीबी मागे टाकून जाऊ नका

माझा चुलतभाऊ पुढच्या महिन्यात कुवेतला चाललाय. मेडिकल झालं, व्हिसा आला, आणि काल रात्री पडवीत बसल्यावर विचारतो, दादा, गाडीचं काय करू, विकू की ठेवू? मी म्हटलं ते तू ठरव, पण आधी सांग तुझा एनसीबी किती झालाय? त्याला माहीतच नव्हतं. आपल्या गुहागर-दापोलीकडे वाडीवाडीत कोण ना कोण आखातात आहे, मागे अंगणात गाडी आहे, पण हे कोणी सांगत नाही म्हणून आज लिहायला बसलोय.

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीच्या इन्शुरन्सवर क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट. एक वर्ष क्लेम न घेता गेलं की रिन्यूअलला २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं झाली की ५०, त्याच्यापुढे वाढत नाही. ही सूट ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर) नाही. म्हणजे ओन डॅमेज १० हजार होत असेल तर ५० टक्केवाल्याला ५ हजारच. आणि वर्षात एक क्लेम घेतला, कितीही छोटा, की पुढच्या वर्षी शून्य.

मी २०१९ ला शारजाला गेलो तेव्हा ४५ टक्के होता. गाडी माझ्याच नावावर, अण्णा चालवायचे. त्यात काही अडचण नाही, लायसन असलेलं घरचं माणूस चालवू शकतं आणि बोनस चालूच राहतो. २०२० च्या पावसात बॉनेटवर नारळ पडला, गॅरेजवाल्याने साडेतीन हजार सांगितले, अण्णा म्हणाले इन्शुरन्स कशाला आहे मग, पण मी खिशातून भरायला लावले कारण तेवढ्यासाठी सगळा बोनस गेला असता. २०२१ ला चिपळूणच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांची गोष्ट वेगळी, तिथे बोनस बघत बसायचं नाही, क्लेम घ्यायचाच. (पाण्यात उभी राहिलेली गाडी मात्र चालू करून बघायची नाही, इंजिनात पाणी ओढलं गेलं तर तो खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही.)

एवढं जपून शेवटी गेला तो गेलाच. रिचार्ज न केल्याने माझं इथलं सिम बंद पडलं, रिन्यूअलचे मेसेज त्याच नंबरवर. ऑगस्ट २०२२ मध्ये पॉलिसी संपली, मला कळलं डिसेंबरमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केली तर बोनस टिकतो, आमचे चार महिने झालेले. ५० चा शून्य, वर गाडीचं इन्स्पेक्शन. पण पैशापेक्षा मला आजही हे खातं की त्या चार महिन्यांत अण्णा आईला घेऊन दर पंधरा दिवसांनी चिपळूणला डॉक्टरकडे जात होते आणि गाडीला थर्ड पार्टीसुद्धा नव्हतं. काही झालं असतं तर घर विकायची वेळ आली असती.

भावाला मी हेच सांगितलं. गाडी ठेवणार असशील तर पॉलिसीवर मोबाईल आणि ईमेल बदल, तिथे चालू राहील असा टाक, रिन्यूअल कुवेतमधून ऑनलाइन होतं. गाडी उभीच आहे म्हणून फक्त थर्ड पार्टी घ्यायची बरेच जण करतात, पण त्यावर एनसीबी टिकत नाही. काकांच्या नावावर करशील तर गाडी जाईल, बोनस जाणार नाही, कारण तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. काकांना शून्यापासून सुरुवात करावी लागेल. आणि विकलीस तर आरसी (गाडीचं नोंदणी पुस्तक) ट्रान्सफरचे कागद देऊन कंपनीकडून एनसीबी सर्टिफिकेट घे, ते तीन वर्षं चालतं. तीन वर्षांत परत येऊन गाडी घेतलीस तर तेवढीच सूट नव्या गाडीला.

तीन वर्षांपेक्षा जास्त राहिलास तर? मग तिथली गाडी. तिकडच्या पॉलिसीवर क्लेम नसेल तर सुटताना तिथल्या कंपनीकडून नो क्लेमचं लेटर घ्यायचं, त्यावर आपलं नाव, गाडीचा नंबर, पॉलिसीच्या तारखा आणि क्लेम नाही हे स्पष्ट पाहिजे. तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांत इथे पॉलिसी घेतली तर ते धरतात. मी शारजा सोडताना घेतलं होतं. इथे नवीन गाडीच्या वेळी पहिल्या ऑफिसात असं काही नसतंच म्हणून सांगितलं, दुसऱ्या कंपनीने कागद बघितला आणि सूट दिली. त्यामुळे एका ठिकाणी नाही म्हटलं तर थांबू नका, लेखी विचारा.

भावाने शेवटी विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक शृंगारतळीचंच आहे. फ्लाइटच्या आधी आरसी नावावरून उतरायला हवी, नाहीतर सर्टिफिकेट मिळणार नाही, म्हणून सोमवारी आम्ही दोघं रत्नागिरीला आरटीओत जातोय.