आमची वाटचाल : भट्टी, टंच आणि भिंतीवरच्या डॉक्टरबाई

१९७२ च्या दुष्काळात वडील खानापूर तालुक्यातून मद्रासला आले. तेव्हा गावातली निम्मी तरणी पोरं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, बाहेर पडत होती. आधी मामांच्या भट्टीवर उमेदवारी, मग सौकारपेठेत भाड्यानं आठ बाय दहाची खोली. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, चांदी मिसळायची, पत्रा करून तेजाबात (नायट्रिक ॲसिडात) उकळायचा. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी विटकरी गाळ उरतो. तेच सोनं! नवखा माणूस मोरीत ओतून देईल.

दुकानात गणपतीशेजारी एका बाईंचा फोटो आहे. गिऱ्हाइकं विचारतात, आजी का तुमच्या? नव्हे, त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. आईला कॅन्सर निघाला, तेव्हा त्यांनीच उभ्या केलेल्या, मद्रासमधल्या अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आमच्या तीन महिने फेऱ्या चालू होत्या. आईच्या पाटल्या तेव्हाच मुशीत गेल्या. वडिलांचा हात धजेना, शेजारच्या गाळ्यातल्या पाव्हण्यांनी वितळवल्या.

बाकावर बसून तमिळ बायकांकडून आईनं या बाईंची सगळी कथा काढून घेतली. जन्म १८८६, पुदुकोट्टईचा. त्यांची आई देवदासी कुळातली. मुलांच्या कॉलेजात एकटीच मुलगी. १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर. १९२६ मध्ये मद्रासच्या विधिमंडळावर नेमणूक झाली, सभागृहानं उपाध्यक्षही केलं. तिथं जेमतेम चार वर्षं. पण तेवढ्यात त्यांनी नेमक्या गाठीला हात घातला. देवदासींच्या इनाम जमिनी देवळातल्या सेवेला बांधलेल्या असत. सेवा सोडली की जमीन गेली. १९२९ च्या कायद्यानं ती अट सुटली. जतेकडच्या यल्लम्माच्या जोगतिणी पाहिलेली आमची आई पटकन म्हणाली, "जमीन सुटली की पोरगी सुटती." (मुली देवाला सोडण्यावर मद्रास प्रांतात पुरती बंदी यायला मात्र १९४७ उजाडलं.)

१९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि बाईंनी राजीनामा दिला. पुढं निराधार मुलींसाठी अव्वै होम. धाकटी बहीण कॅन्सरनं गेली होती, ते मनातून गेलं नव्हतं. १९५४ मध्ये बारा खाटांवर अड्यारचं हे हॉस्पिटल उभं राहिलं. तेव्हा बाई अडुसष्टाव्या वर्षाला टेकलेल्या.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. फोटो तिनंच लावायला लावला. आता पोरगा टंच (सोन्याची शुद्धता) मशीनवर बघतो, मी भट्टी सांभाळतो. तेजाबाच्या वाफेनं फोटोच्या चौकटीचा पत्रा खाल्ला जातो. यंदाच्या खंडेनवमीला, तराजूच्या पूजेआधी, चौथी चौकट घातली.