गडग्यावरून सांगितलेला पासवर्ड

गणेश चतुर्थीची दुपार. राजापूरजवळच्या सासरच्या वाडीत मी परसातल्या चिऱ्याच्या गडग्यावर चढून उभी. घरात रेंज येत नाही, गडग्यावर दोन काड्या मिळतात. हाताला मोदकाची उकड, डोक्यावर छत्री आणि फोनवर कंपनीतले हिशेबनीस काका. "मॅडम, लाइट येऊन अर्धा तास झाला. सर्व्हर चालू दिसतोय, पण काहीच उघडत नाही. कंटेनरचे कागद काढायचेत."

रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीतल्या एका मासळीच्या कारखान्यात मी सर्व्हर बघते. प्रिंटरही मीच बघते.

सर्व्हरवर लॉगिन करायचं तर अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागणार, आणि तो फक्त माझ्याकडे. मग पावसाच्या आवाजावर ओरडत सुरू. "कॅपिटल आर. रत्नागिरीचा आर हो! मग तीन. तीन! दोनच्या पुढचा!" चौथ्यांदा तीन म्हटल्यावर पलीकडच्या पडवीतल्या आजी म्हणाल्या, "अगो, माका कळला, तेका कसा कळत नाय?" आख्ख्या डोमेनची, म्हणजे कंपनीतल्या एकत्र जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांची, किल्ली वाडीभर झाली.

काकांनी इव्हेंट व्ह्यूअरमधला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतला, नंबर वाचून दाखवला, 7038. पोटात गोळाच आला. साठवलेल्या पासवर्डने सर्व्हिसला (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) लॉग ऑन करता आलं नाही, असा त्याचा अर्थ. आणि दोन दिवसांपूर्वी, सुट्टीवर निघताना, पासवर्ड मीच बदलला होता. नोकरी सोडून गेलेल्या दोघांना जुना ठाऊक होता म्हणून. पण माझ्या आधीच्या माणसाने एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस), शेअरपॉइंट (कंपनीची कागदपत्रं ठेवायची साइट), बॅकअप, सगळं त्या एकाच खात्यावर चालवून ठेवलं होतं, आणि मी ते कधी उघडून बघितलं नव्हतं. चालू सर्व्हिस पासवर्ड पुन्हा विचारत नाही, म्हणून दोन दिवस काही कळलं नाही. लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर नव्याने उठला, आणि सगळ्यांनी जुनाच पासवर्ड पुढे केला.

एसक्यूएल फोनवरून उठवलं. कागद निघाले. शेअरपॉइंट मात्र गौरी-विसर्जनानंतर मी परत जाईपर्यंत पडूनच होतं.

परत गेल्यावर पहिल्यांदा वहीत रेघा मारून तक्ता केला: सर्व्हिस कुठली, कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या खात्यावर, आणि ते खातं बंद केलं तर कोण बोंब मारेल. शेवटचा रकाना भरायलाच आठवडा गेला. मग एकेकाला वेगळं खातं. आमच्याकडे मुंबईकरांची बंद घरं असतात ना, त्यात झाडांना पाणी घालणाऱ्या गड्याला पंपाच्या खोपीची किल्ली देतात, माजघराची नाही. तसंच.

शेअरपॉइंट बसवायचं खातं वेगळं. त्याला शेअरपॉइंटच्या सर्व्हरवर लोकल अॅडमिन आणि एसक्यूएलमध्ये डीबीक्रिएटर (डेटाबेस बनवायचा) व सिक्युरिटीअॅडमिन (लॉगिन सांभाळायचा) हे दोन रोल लागतात. फार्मचं, म्हणजे आख्खं शेअरपॉइंट ज्यावर चालतं ते, खातं मात्र साधा डोमेन यूजर. एसक्यूएलमधले त्याचे हक्क इन्स्टॉलेशन स्वतःच देतं. जादा हक्क देऊन ठेवायची सवय आपलीच. शोधासाठी सगळे कागद वाचून त्यांची सूची, म्हणजे इंडेक्स, करणाऱ्या सर्चच्या खात्याचं तर आणखीच. ते फार्म अॅडमिनिस्ट्रेटरच्या गटात असू नये, नाहीतर प्रसिद्ध न केलेले मसुदेही इंडेक्समध्ये जातात. आमच्याकडे ते होतं. एका वर्षी दिवाळीच्या बोनसचा कच्चा कागद पॅकिंगच्या सुपरवायझरला सर्चमध्ये सापडला होता, आणि तेव्हा सगळ्यांनी टायपिस्टवर संशय घेतला. बिचारी.

एसक्यूएलला मी ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट दिलं, म्हणजे ज्याचा पासवर्ड माणसाला सांभाळावा लागत नाही असं खातं. हा प्रकार विंडोज सर्व्हर 2012 पासून आहे. पासवर्ड डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर) ठरवतो, 240 बाइटचा, आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर 30 दिवसांनी आपणहून बदलतो. मला माहीत नाही, काकांना नाही, आजींना तर नाहीच. आधी केडीएसची रूट की (हे पासवर्ड जिच्यावरून तयार होतात ती मूळ किल्ली) बनवावी लागते आणि ती सगळीकडे पोचायला 10 तास थांबावं लागतं. ते थांबणं टाळायची एक युक्ती आहे, पण ती टेस्टच्या सर्व्हरपुरती. मी संध्याकाळी कमांड दिली आणि मिरकरवाड्यावरून बांगडे घेऊन घरी गेले.

बाकीच्या खात्यांना लांबलचक पासवर्ड. एसपीएन (सर्व्हिसचं डोमेनमध्ये नोंदवलेलं नाव) असलेल्या खात्याचं तिकीट, म्हणजे त्याच्या पासवर्डने कुलूपबंद केलेला प्रवेशाचा परवाना, डोमेनमधला कुठलाही साधा यूजर मागू शकतो आणि घरी नेऊन निवांत फोडत बसू शकतो; चुकीच्या पासवर्डने खातं लॉक होणं वगैरे तिथे काही नाही. शिवाय ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या मशीनना लावायच्या नियमांत) सर्व्हिस खात्यांना रिमोट डेस्कटॉप आणि समोर बसून लॉगिन, दोन्ही बंद. मलाही दोन खाती, मेल वाचायचं एक आणि अॅडमिनचं एक. पहिला महिना जीव नकोसा झाला. अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट काकांच्या तिजोरीत, तोंडावर दोघांच्या सह्या.

तक्त्यातलं एक घर अजून राहिलंय. हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर. ते बसवून गेलेला मुलगा म्हणतो, "ताई, डोमेन अॅडमिनशिवाय चालणारच नाही." मी एका रविवारी गुपचूप ते सॉफ्टवेअर साध्या खात्यावर आणून त्या एका मशीनवर लोकल अॅडमिन दिलं. तीन आठवडे झाले, हजेरी लागतेय. मुलाला अजून सांगितलेलं नाही.